पेल्मेनचे कान

"आजी, आधी त्याचा फेटा सोडा," डॉक्टर लारिसा हसू दाबत म्हणाली.

राईसानं मांजराच्या डोक्याला गुंडाळलेला लोकरी रुमाल सोडला. आतून पेल्मेनचा उघडावाघडा, सुरकुतलेला चेहरा बाहेर आला. लग्नात मान न मिळालेल्या मामासारखा तो रागावलेला होता.

"कान दुखला की आम्ही हेच करतो गं. कोमट सूर्यफुलाचं तेल, वर लोकर. माझी पोरं अशीच वाढली."

"पोरांच्या कानात काडीपण घालत होतात?"

राईसा रुमालाची घडी करू लागली. काडी तिनं घातली होती.

पेल्मेन तिच्या नवऱ्याचा, गेनादीचा. हे बिनकेसांचं ध्यान त्यानंच घरी आणलं आणि दर शनिवारी मांडीवर घेऊन तोच त्याचे कान पुसायचा. "सोललेली कोंबडी!" म्हणत राईसा लांबूनच नाक मुरडायची. वसंतात गेनादी गेला आणि मांजराचे कान आतून काळे होत गेले.

गेनादी ट्राम चालवायचा. संध्याकाळी त्यांच्या मजल्यावर लिफ्ट थांबली, की पेल्मेन दाराशी हजर. मालक गेला तरी त्याची धाव काही थांबली नाही. "अरे बावळटा, कोण यायचंय आता?" राईसा करवादायची. पण तेल घातल्यापासून लिफ्ट थांबली तरी तो उशीवरून हलेना. नवऱ्यानं मागं ठेवलेला एवढा एक जीव, आणि तोही आपण बहिरा केला! तिला घास गोड लागेना.

लारिसानं कानात उजेड टाकून पाहिलं. "पडदा शाबूत आहे." तिनं कोमट औषध सोडलं, कानाचं मूळ हलकेच चोळलं. पेल्मेननं मान झटकली आणि राईसाच्या धुतलेल्या ब्लाउजवर काळी नक्षी उमटली.

"केस नाहीत, म्हणून मळ साचतो. आजार नाही हा. आठवड्यातून एकदा कापसावर औषध घ्या, बोट जाईल तेवढंच पुसा. तेल नाही. काडी तर मुळीच नाही."

"ऐकू येईल ना गं त्याला?"

"यायला हवं. घरी जाऊन बघा."

संध्याकाळी राईसा बटाटे सोलत होती, पण तिचा जीव सगळा उशीकडे. लिफ्ट कुरकुरत वर आली, थांबली. आधी पेल्मेनचे कान वळले. मग तो टुणकन उडी मारून दाराकडे धावला.

"आलं रे! ऐकू आलं माझ्या राजाला!" राईसा हसत होती आणि बटाटा धरलेल्या हातानं डोळे पुसत होती. छातीवरचा धोंडा उतरला होता.

बाहेर शेजाऱ्याच्या किल्ल्या वाजल्या, त्याचं दार लागलं. पेल्मेन मात्र दाराकडे तोंड करून तसाच बसला. नेहमीचं वाक्य राईसाच्या ओठांवर आलं, ते तिनं गिळलं.

स्टूल ओढून ती त्याच्या शेजारी दाराशी बसली.