खोक्यातली वाईन

मोनिका महिन्याचा माल घेऊन नगरच्या सावेडीतल्या जेम्स उजागरेच्या गार्डन हॉटेलात पोचली, तेव्हा जेम्स स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी उभा राहून तिचीच वाईन ओतून देत होता. अर्धी बाटली भडाभडा गेली. आंबूस वास सुटला. तिला पाहून तो ओशाळला, पण हात काही त्यानं आखडला नाही.

"वहिनी, राग मानू नका," तो म्हणाला. "गिऱ्हाईक एक ग्लास मागतं. एका ग्लाससाठी बाटली उघडायची आणि उरलेली चार दिवसांत आंबते. वाईन तुमची झकासच आहे. पण माझ्याकडं ती माणसांपेक्षा मोरीच जास्त पितेय. पुढच्या महिन्यापासून नका आणू."

मोनिकानं आणलेली बाटल्यांची खोकी तशीच टेम्पोत परत चढवली. नगर मागं पडेपर्यंत ती गप्प होती. टेम्पो चालवणारा तिचा नवरा सुनील तिच्याकडं चोरून बघत होता. ही बाई गप्प बसली की काहीतरी शिजतंय, हे त्याला एवढ्या वर्षांत कळून चुकलं होतं.

"बाटलीच नको," ती एकदम म्हणाली. "पिशवीत भरू. जाड पिशवी, खाली तोटी, वरून पुठ्ठ्याचं खोकं. तोटीतून वाईन काढली की पिशवी आत आत चिकटत जाते, हवा शिरतच नाही. उघडल्यावरही महिना महिना टिकते. कॉलेजात शिकवलं होतं आम्हाला."

"खोक्यात?" सुनील हसला. "वाईन हाय का फरसान?"

"फरसाण म्हणा नाहीतर काही म्हणा. मोरीत जाणार नाही."

काष्टीच्या शिवारात त्यांची द्राक्षबाग होती आणि बागेच्या कडेला छोटी वायनरी. देवळाली प्रवरेच्या उसाच्या मुलखातून आलेल्या मोनिकानं राहुरीला फूड टेक्नॉलॉजी केलं होतं. लग्न होऊन आली आणि दोन वर्षांत तिनं सुनीलच्या डोक्यात वायनरीचं खूळ घातलं. सुनील लगेच तयार झाला. तयार होत नव्हती ती त्याची आई, मनकर्णाबाई.

आणि तिला कारण होतं. तिचा धाकटा भाऊ गोरक्ष हातभट्टीच्या दारूनं गेला. प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून विकायची ती दारू. तिला गावात फुगा म्हणत. भावाचं तेरावं झालं आणि मनकर्णाबाईनं पदर खोचला. दारोदार हिंडून बायका गोळा केल्या, दारूबंदीचं मतदान लावलं आणि दारूचं दुकान उठवलं. वायनरीला तिनं होकार दिला तो सुनेनं वर्षभर पाठ धरली म्हणून. "बाटली, लेबल, पावती. जे काय करायचं ते उजेडात करा," एवढंच ती म्हणाली होती.

पिशवीचं तिला कसं सांगायचं, हे मोनिकाला सुचेना. आधी जमतंय का ते तर बघू, असं तिनं मनाशी ठरवलं. उत्पादन शुल्क खात्याकडं नव्या पॅकिंगचा अर्ज टाकला, मुंबईहून तोटीच्या पिशव्या मागवल्या आणि नमुन्यादाखल थोड्या भरून वायनरीमागच्या पत्र्याच्या खोलीत रचून ठेवल्या.

एप्रिलचं ऊन होतं. पत्रा तव्यासारखा तापायचा. आठवड्याभरात पिशव्या ताठ झाल्या, मग त्या टम्म फुगल्या. एका दुपारी दोन फुटल्या आणि लाल वाईन उंबऱ्याखालून थेट अंगणात आली. शेळीला पाला टाकायला आलेल्या मनकर्णाबाईनं आधी ती वाईन पाहिली. मग दार लोटलं.

मोनिका धावत आली तेव्हा सासू खोलीच्या मधोमध उभी होती. समोर फुगलेल्या पिशव्यांची रास. तिनं एक हातात घेतली होती.

"फुगं," ती म्हणाली. "माज्या घरात."

"आत्या, ती वाईनच आहे. बाटलीऐवजी..."

"मला शिकवू नगंस. माजा भाऊ ह्याच्यावर गेला." आवाज चढला नव्हता. "बाटली मी कबूल केली. हे न्हाई. आत्ताच्या आत्ता उकिरड्यावर जाऊ दे."

मोनिकानं वाद घातला नाही. एकेक पिशवी उचलून उकिरड्याच्या खड्ड्यात रिकामी केली. सुनील मदतीला आला तर त्याला बाजूला सारलं. "माझी चूक आहे, मीच निस्तरते." संध्याकाळी तो म्हणाला, "जाऊ दे आता. दुसरी हॉटेलं बगू." तिनं मान हलवली, पण ती मान 'हो'ची नव्हती.

चूक कुठं झाली ते तिला कळलं होतं. वाईनमध्ये गोडीचा अंश राहिला होता, यीस्ट पुरतं गाळलं गेलं नव्हतं, वर पत्र्याखालची उष्णता. झोपलेलं यीस्ट जागं झालं आणि पिशवीत पुन्हा आंबवण सुरू झालं. बाटलीच्या हिशोबानं तिनं पिशवी भरली होती. पण पिशवीची तऱ्हा वेगळी.

दुसऱ्या दिवशी ती सासूसमोर जाऊन बसली. मनकर्णाबाई शेंगा फोडत होती. मोनिकाही फोडू लागली.

"आत्या, तुम्हाला न सांगता केलं, ते चुकलं. आता सांगून करणार आहे. एकदा करू द्या. जमलं नाही तर पुन्हा नाव काढणार नाही."

"आन् जमलं तर?"

"तर तुम्ही बघा आणि ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

मनकर्णाबाईनं टरफलं बाजूला सारली. मग म्हणाली, "एकच पिशवी. माज्या डोळ्यापुढं."

मोनिकानं गोडीचा लवलेश नसलेली, शिराज द्राक्षांची वाईन निवडली. बारीक गाळणी आणून दोनदा गाळली, टाकी गार केली आणि पहाटेच्या गारव्यात, हवेचा बुडबुडा आत राहू न देता, एकच पिशवी भरली. खोक्यात घालून ती मनकर्णाबाईच्या नजरेसमोर, माजघरात देवळीखाली ठेवली. शेजारी त्याच टाकीतल्या वाईनची एक बाटली. त्याच दिवशी बाटलीचं बूच काढलं, एक पेला ओतून घेतला आणि बूच परत लावलं. तोटीतूनही एक पेला काढला.

मग घरात एक वेगळाच परिपाठ सुरू झाला. मनकर्णाबाईनं आयुष्यात थेंब तोंडात घेतला नव्हता, पण नाक तिचं भारी. ताक उतरलंय की लोणच्याला बुरशी धरतेय, हे ती झाकण उघडायच्या आत सांगायची. रोज सकाळी चहाच्या आधी ती दोन्हीकडची घोटभर वाईन पेल्यात काढायला लावायची, वास घ्यायची आणि काही न बोलता उठायची. खोक्यावर हात फिरवून ते फुगलंय का तेही बघायची.

आठवड्याच्या आत बाटलीच्या पेल्यावर तिनं नाक मुरडलं. त्यानंतर बाटलीची वाईन भाजीला व्हिनेगर म्हणून वापरण्याजोगी झाली. तोटीची मात्र तशीच. महिना उलटला, मृगाचे ढग दिसायला लागले, तेव्हा मनकर्णाबाईनं तोटीचा पेला दोनदा हुंगला.

"पयल्या दिवसावानी हाय," ती म्हणाली.

सुनील दारातून म्हणाला, "मग आता हो म्हन की आई!"

"तू गप." तिनं खोकं उघडायला लावलं. आतली पिशवी बाहेर काढली. निम्मी रिकामी, आत ओढलेली, सुरकुतलेली. ती हातात धरून मनकर्णाबाई सुनेकडं वळली.

"वाईन चांगली हाय, ते पटलं. पर ही रिकामी झाल्यावर कुठं जानार? हाटेलवाला फेकनार, कोन तरी उचलनार, तोटीसकट. त्यात भट्टीची भरून इकली तर? वर तुमचंच खोकं. तवा काय करशील?"

हा प्रश्न मोनिकाला पडलाच नव्हता. गाळणी, गारवा, हवा, सगळ्याचा विचार केला होता. रिकाम्या पिशवीचा नाही.

"रिकामी पिशवी दिल्याशिवाय नवं खोकं नाही," ती विचार करत म्हणाली. "परत आणायची आणि आपण इथं तोटी कापून टाकायची."

"आन् काष्टीत इकायची न्हाई. आजूबाजूला बी न्हाई. शहरात, हाटेलात, बसून पेतात तितंच."

सुनील काही बोलणार होता. तालुक्यातच दोन धाबेवाले मागं लागले होते. मोनिकानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"कबूल," ती म्हणाली.

खात्याची परवानगी यायला पावसाळा उलटला. नगरला इतके हेलपाटे झाले की तिथला शिपाई तिला पाहून आपण होऊन खुर्ची सरकवू लागला. दिवाळी झाल्यावर पहिली खोकी टेम्पोत चढली.

जेम्सनं तोटी फिरवली, चव घेतली, भुवया उंचावल्या. मग खोकं उचलून काउंटरच्या खाली, फडक्याआड ठेवू लागला.

"तिथं कशाला?" मोनिकानं विचारलं.

"वहिनी, लोकांना बाटली लागते डोळ्यांना. खोकं बघितलं की म्हणतील स्वस्तातला माल. आतून ग्लास भरून आणू, कोण विचारतंय!"

"मग राहू द्या. मी परत नेते."

"अहो, एवढ्या लांब आणून?"

"लपवून विकायची असती तर एवढा खटाटोप कशाला केला असता? काउंटरवर ठेवा, सगळ्यांसमोर तोटी फिरवा. कुणी विचारलं तर सांगा. तुम्हाला नाही जमलं तर मी उभी राहते आणि सांगते."

फडकं बाजूला करून जेम्सनं खोकं काउंटरवर, दिव्याखाली ठेवलं.

त्या संध्याकाळी ती खरंच काउंटरपाशी उभी राहिली. पहिल्या टेबलावरच्या गृहस्थांनी खोकं बघून तोंड वाकडं केलं आणि बियर मागवली. दुसऱ्या टेबलावर एक निवृत्त शिक्षिका आणि तिची मुलगी होती. मुलीनं विचारलं, "हे काय नवीन?" मोनिकानं सांगितलं. दोघींनी एक ग्लास वाटून घेतला आणि थोड्या वेळानं आणखी एक मागवला. बियरवाले गृहस्थ मान वळवून बघत राहिले, पण शेवटपर्यंत बियरच प्यायले.

परतीच्या वाटेवर मनकर्णाबाईचा फोन आला.

"खपली का गं?"

"एक खोकं उघडलं आत्या. निम्मंही संपलं नाही."

पलीकडून भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"मग ऱ्हायलेलं?"

"राहू दे की. टिकतं ते," मोनिका म्हणाली. "पुढच्या आठवड्यात पुन्हा जाते. जोवर खोकं बघून तोंड वाकडं करणारे एक ग्लास मागत नाहीत, तोवर जात राहीन."

"जा," सासू म्हणाली. "पर जेवून निघत जा. भाकरी झाकून ठेवली हाय."