कुंकवासारखा लाल झालेला दोरा

घोडपदेवच्या चाळीतल्या हॉलबाहेर चप्पल ठेवायला जागा नव्हती. प्रफुल्ल सर आले होते! बाबा म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "मी ध्यान-थेरपिस्ट. शास्त्र सांगतो शास्त्र," असं म्हणत हा गृहस्थ निळं जाकीट घालून शास्त्राचाच गळा दाबत होता.

त्याने कालिंदीबाईंच्या मनगटाला ताटातला एक पांढरा दोरा बांधला, बौद्धांच्या परित्राण पाठात बांधतात तसला, आणि लोट्यातलं पाणी ओतलं. दोरा पांढराच. मग त्यांच्या मुलाला, गौतमला बांधला, पाणी ओतलं, आणि दोरा कुंकवासारखा लाल! बायका मागे सरकल्या.

"माई, दीक्षा घेतली तेव्हा तुमच्या सासऱ्यांनी घरातले देव विहिरीत टाकले ना?"

"टाकले, सर."

"तेच पोराच्या कानात बोलतात. गोळ्या बंद केल्यात ते छान झालं."

भिंतीशी उभ्या अक्षदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती गौतमची थोरली बहीण, परळच्या शाळेत विज्ञान शिकवायची. गौतमला आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी ते थांबले, पोरगा कामाला लागला. मग मागच्या खेपेला या माणसाने सांगितलं म्हणून आईने गोळ्या गटारात टाकल्या, आणि गौतम रे रोडच्या पुलाच्या कठड्यावर चढला. वखारीतल्या हमालांनी ओढला, म्हणून वाचला.

आईवर तरी चिडायचं कसं? दवाखान्यातल्या डॉक्टरने मान वर न करता इंग्रजीत काहीतरी पुटपुटून चिठ्ठी दिली होती. भगताकडे ती मेली तरी गेली नसती. घरात बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा टांगलेल्या. पण हा जय भीम म्हणत आला, दोराही आपलाच. तिथेच बाई फसली.

अक्षदाने मात्र पाहिलं होतं, लोटे दोन होते. ती पुढे आली.

"सर, माझाही दोरा बघा ना."

"ये ताई, बस."

त्याने पहिल्या लोट्याकडे हात नेला. तिने दुसरा हिसकावला, ताटातला एक दोरा बाजूला काढून बाकीचे सगळे त्यात कोंबले. अख्खा गुंता लाल!

"या दोऱ्यांनी कुठले देव टाकले होते, सर?"

"अगं, ही निगेटिव्ह एनर्जी..."

"हात इकडे!" उरलेला दोरा तिने त्याच्याच मनगटाला करकचून बांधला आणि लोटा ओतला. तोही लाल! सरांनाही बाधा! हॉल खो खो हसला. तिला दया आली नाही, आणि यायलाही नको होती.

"दोऱ्याला प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलिन लावलंय. वाळलं की दिसत नाही. पाण्यात पानवाल्याच्या चुन्याची निवळी. दोन्ही भेटले की लाल. पहिल्या लोट्यात साधं पाणी, म्हणून आईचा दोरा पांढरा राहिला. शाळेतली पोरं करतात हे!"

"चूक झाली ताई, जाऊ द्या."

"जाऊ देते की. पोलिसांबरोबर." महिला मंडळाने दाराला कडी घातली.

अक्षदा लोकांकडे वळली. "पोटासारखं डोकंही आजारी पडतं. त्यात लाज कसली? डॉक्टर धड बोलत नसेल तर आपल्या भाषेत बोलणारा, आपलं घर समजून घेणारा शोधू. पण डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही."

कालिंदीबाई तोंडात पदर कोंबून रडत होत्या. गौतमने मान वर केली.

"ताई, म्हणजे आजोबांनी काही वाईट नव्हतं केलं?"

"काहीच नाही रे. आणि तूही नाही."

गौतमने मनगटावरचा दोरा दातांनी तोडला आणि थेट प्रफुल्लच्या समोर जाऊन उभा राहिला.

"आधी माझ्या गोळ्या आण, ताई," तो म्हणाला. "मग याच्याविरुद्धची तक्रार मी देणार. माझ्या नावानं."