नऊ पावलं

मिस्त्री मागच्या दारात उभा राहिला, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला आणि पुटपुटतच सरळ चालत अंगणात येऊन थांबला. "इथं," तो म्हणाला. सिस्टरबाईंच्या पुतण्यानं पहार हाणायला सुरुवात केली. दीड फूट झालं, दोन फूट झालं. मुरूम निघाला, दगड निघाले, झाकणाचा मात्र पत्ता नव्हता.

गावातल्या निम्म्या घरांच्या संडासाच्या टाक्या या मिस्त्रीनं बांधलेल्या. टाकी एकदा जमिनीत गेली की लोक वर माती ओढतात, फुलझाडं लावतात आणि खुशाल विसरून जातात. दहा-बारा वर्षांनी पाणी उलटं वर यायला लागलं की त्यांना मिस्त्री आठवतो. मग तो यायचा, डोळे मिटायचा, पुटपुटत चालायचा, पहार टाकायचा, आणि ठण्ण! लोक तोंडात बोट घालायचे. याला जमिनीखालचं दिसतं, असं कुणी म्हणालं तर तो नाही म्हणायचा नाही. खरी गोष्ट एवढीच होती, की प्रत्येक टाकीचं झाकण त्यानं मागच्या दारापासून सरळ नऊ पावलांवर ठेवलेलं होतं, आणि तो जे पुटपुटायचा ते आकडे होते. हे बायकोखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घाणीत हात घालणाऱ्या माणसानं एवढा भाव खाल्ला, तर बिघडलं कुठं?

"मिस्त्री, बघा नीट आठवून," सिस्टरबाई म्हणाल्या. त्या निवृत्त नर्स. नवरा तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला आणि कालपासून मोरी, संडास दोन्ही बंद. त्याचं भांडं घेऊन त्या चार घरं पलीकडे जात होत्या. उपसा करणारी गाडी तीन वाजता यायची होती, पण झाकणच नाही तर ती नळी घालणार कशात?

मिस्त्री पुन्हा दारात गेला. या वेळी डोळे उघडे ठेवून मोजलं. पाय त्याच खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबले.

"काका, वय झालं तुमचं," पुतण्या म्हणाला. "मी खोदाईचं मशीन बोलावतो. तासाभरात अख्खं अंगण उलटं करेल."

"मशीन नको रे बाबा! खाली पाइप आहेत, शोषखड्ड्यापर्यंत. तुला काय वाटतं, टाकी म्हणजे नुसतं साठवायचं पिंप? जड गाळ तळाला बसतो, तेलकट ते सायीसारखं वर येतं, मधलं पाणी तेवढं शोषखड्ड्यात जातं. पुढचं काम माती करते. ते सगळं फोडलंस तर काकूंनी काकांना घेऊन जायचं कुठं?"

"मग दाखवा ना झाकण!"

मिस्त्री खड्ड्यात वाकून बघत राहिला. त्याला भीती वाटली. त्याच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी चावी कुठं ठेवली ते आठवेना, मग घराची गल्ली, आणि शेवटी शेवटी बायकोलाच विचारायचा, "आपण कोण?" मिस्त्रीला स्वतःच्या डोक्याचा तेवढा एक भरवसा होता.

"गाडी यायच्या आत आलो नाही, तर बोलाव मशीन," तो म्हणाला.

त्याची बायको त्याच्या दुपारच्या गोळ्या घेऊन तिथंच आली होती. त्याचं तोंड बघून तिनं त्या त्याच्या हातावर ठेवल्या. दोघं घराकडे निघाली. पिठाच्या गिरणीच्या वळणावर ती थांबली आणि मागे वळून त्याची वाट बघत राहिली.

"गंमत आहे बाई," तो जवळ आल्यावर ती म्हणाली. "लग्न झालं तेव्हा या वळणावर तुम्ही माझ्यासाठी थांबायचात. मी आपली पळतेय मागून. आता बघा, मीच थांबते."

"कधीपासून?"

"झाली की दोन-तीन वर्षं. त्या कमरेच्या दुखण्यानंतर. तुमची पावलंच अशी छोटी छोटी पडतात हल्ली. मी म्हटलं, बोलायचं कशाला."

मिस्त्री रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मग जमेल तेवढ्या घाईनं घरी गेला आणि थेट मागच्या दारात. त्याच्या स्वतःच्या टाकीच्या झाकणावर माती नव्हती, बायको त्याच्या शेजारी धुणं धुवायची. तो मोजत निघाला. नऊ झाली, झाकण अजून पुढे होतं. बाराव्या पावलाला पाय सिमेंटवर पडला.

"बारा!" तो ओरडला. "अगं, डोकं शाबूत आहे माझं! पाय गेलेत नुसते!"

पाय गेल्याचा एवढा आनंद तिनं आजवर कुणाला झालेला पाहिला नव्हता. ती हसली, आणि मग पदरानं डोळे पुसले.

सिस्टरबाईंच्या दारात गाडी आली होती आणि पुतण्या कानाला फोन लावून होता. मिस्त्री तडक मागच्या दारात गेला. बारा पावलं टाकली, पहार घेतली आणि स्वतः हाणली. वीतभर माती उडाली आणि ठण्ण!

झाकण सरकवून त्यानं सगळ्यांना लांब पिटाळलं. आतली वाफ वाईट, काडी ओढायची नाही, कुणी वाकायचं नाही. मग लांब गजानं त्यानं बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड चाचपलं, तर पुसायच्या ओल्या कागदांचा अख्खा बोळा अडकलेला.

"बाई, हे आत विरघळत नाहीत. यापुढे डब्यात टाका."

सिस्टरबाई ओशाळल्या. "साहेबांना पुसायला लागतात हो. रात्री-अपरात्री डब्यापर्यंत जायचं जिवावर येतं." मग म्हणाल्या, "पण मिस्त्री, सापडलं कसं? खरंच दिसतं तुम्हाला?"

पुतण्याही बघत होता. गाडीवालासुद्धा. नेहमीसारखं नुसतं हसायचं, की काम भागत होतं. मिस्त्रीनं कपाळावरचा घाम पुसला.

"दिसत नाही हो. नऊ पावलं असतात. सगळीकडे नऊच. माझी, तेव्हाची." मग तो पुतण्याला म्हणाला, "टेप आण घरातली."

दारापासून झाकणापर्यंत साडेबावीस फूट भरलं. ते त्यानं मागच्या दाराच्या आत, भिंतीवर तेलरंगानं लिहिलं.

पुढचा महिनाभर तो घरोघर फिरला. टेपचं एक टोक बायको उंबऱ्याशी धरायची, दुसरं घेऊन तो चालायचा. लोक म्हणायचे, "आत्ता कशाला मिस्त्री? तुंबली की बोलावू ना तुम्हाला." तो ऐकायचा नाही, दाराच्या आत भिंतीवर आकडा लिहायचा आणि पुढच्या घरी जायचा.

एके सकाळी गिरणीच्या अंगाला उपशाच्या गाडीची मोटर ऐकू आली. मिस्त्री खाटेवरून उठला, सदरा घातला, पहार उचलली आणि ओट्यावर येऊन बसला. मोटर पाऊण तास चालली, मग बंद झाली. गाडी त्याच्याच दारावरून निघून गेली.

"भिंतीवरचा आकडा बघून टेप लावली, पहिल्याच दणक्यात लागलं म्हणे झाकण," बायको नळावरून ऐकून आली होती.

"लागणारच," मिस्त्री म्हणाला. त्यानं पहार आत नेऊन कोपऱ्यात उभी केली, आणि सदरा काढून खुंटीला लावला.