दोन टाके जास्त

मास्तरांना शर्टाची बटणं स्वतःची स्वतः लावता आली, आणि ते पाहून वहिनींच्या पोटात दुखलं.

नवरा बरा होतोय म्हणून जळणारी बायको कुठे असते का, असं कुणीही म्हणेल. असते. ती त्या सकाळी उपचारकेंद्राच्या बाकावर बसली होती, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन, आणि काचेच्या दारातून आत बघत होती. आत मास्तरांनी केंद्रातला सरावाचा जुना शर्ट घातला होता. शेवटचं बटण काजात बसलं तशा व्यायामाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मास्तर हसले. चांगले दात दिसेपर्यंत हसले. वहिनींना ते दात इतक्या वर्षांत असे मोकळेपणाने कधी दिसले नव्हते.

मास्तर म्हणजे कपडे शिवणारे मास्तर, शाळेतले नव्हेत. आणि वहिनी त्यांची बायको. गिऱ्हाइकं वहिनी म्हणायची, म्हणून सगळ्यांच्याच वहिनी झाल्या. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. मास्तर पुढे बेतायचे, शिवायचे. वहिनी मागे बसून काजं करायच्या, बटणं लावायच्या. लग्न झाल्यापासून शर्ट त्या पडद्याआड येत होते आणि परत जात होते, पण बोलणं पलीकडेच राहत होतं. मास्तर तसे गप्पिष्ट, पण गिऱ्हाइकांशी. आत आले की ‘वाढ’ आणि ‘झोपतो’, एवढ्यात काम भागायचं.

मग वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढताना मास्तर स्टुलावरून पडले. मानेचा मणका दुखावला. पाय हळूहळू ताळ्यावर आले, हात मागे राहिले. कात्रीने रेघेवरून सरसर जाणारी बोटं साधा चमचा धरेनात. डॉक्टर म्हणाले, हात सुधारतील, पण मेहनत घ्यावी लागेल.

मेहनत वहिनींनी घेतली. भरवलं, आंघोळ घातली, दाढी केली. आणि रोज सकाळी शर्टाची बटणं लावली. त्या बटणांपाशीच खरी गंमत झाली. हाताला काम नाही आणि समोर दुसरं कुणी नाही, म्हणून मास्तर बोलायला लागले. पहिल्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या आणि तो वडिलांपासून लपवायला गादीखाली घातला होता, हे त्यांनी सांगितलं. रात्री कसली स्वप्नं पडतात ते सांगितलं. लग्नात वहिनींची जाम भीती वाटली होती, हेसुद्धा सांगितलं. वहिनी ऐकत राहिल्या आणि त्यांची बोटं आपोआप सावकाश चालायला लागली. काजवाल्या बाईला सात बटणं लावायला किती वेळ लागतो? वहिनींना चहा गार होईपर्यंत लागायचा.

आणि अशात ही बाई उपटली.

व्यायामाच्या बाई वहिनींच्याच वयाच्या, उंच, धिप्पाड, हसल्या की बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू येणाऱ्या. मास्तरांची बोटं आपल्या हातात घेऊन एकेक वाकवायच्या. वहिनी मदतीला पुढे झाल्या की म्हणायच्या, “तुम्ही हात लावू नका हं वहिनी. त्यांचं त्यांना करू दे.”

हात लावू नका! आपल्याच नवऱ्याला! वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्या जाऊन बाकावर बसल्या. केंद्रात जायच्या दिवशी मास्तर आकाशी शर्टच मागतात, हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. कळस मात्र त्या टाळ्यांनंतर झाला.

“मास्तर, कात्री धरायला लागलात की पहिला कोट माझा,” बाई म्हणाल्या.

“शब्द दिला,” मास्तर म्हणाले.

वहिनींच्या अंगावर तेव्हा जे पोलकं होतं ते त्यांनी स्वतःच उरलेल्या तुकड्यांतून शिवलेलं होतं. मास्तरांनी बायकोसाठी आजवर एक रुमालही बेतला नव्हता.

दुपारी मास्तर झोपले. वहिनींनी आकाशी शर्ट काढला, त्याच रंगाचा दोरा ओवला आणि प्रत्येक काजाच्या टोकाला दोन टाके जास्त घातले. हात इतका सफाईदार की नवं-जुनं ओळखू येऊ नये. मग बाकीचे शर्टही काढले. आपण काय करतोय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. लाज वाटत होती, आणि सुई थांबत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मास्तर बटणाशी झटत बसले. बोटांना अजून नीट स्पर्श कळत नव्हता, त्यामुळे अडतंय कुठे हेच त्यांना समजेना.

“तिथे जमतं, इथे काय होतं कोण जाणे.”

“असू दे हो. आणा इकडे, मी लावते.”

मास्तर पुढे येऊन उभे राहिले. वहिनींनी बटणं लावली, सावकाश, अगदी मन लावून. पण मास्तर काही बोलेनात. नुसते स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. रोज हेच व्हायला लागलं. बटणं वहिनींना परत मिळाली, बोलणं मिळालं नाही.

एका सकाळी ते बोलले.

“दुकान देऊन टाकू आपण. साधं बटण जिथे लागत नाही, तिथे कात्री काय धरणार.”

वहिनींच्या हातातलं बटण सुटलं. त्याच दिवशी टाके उसवायला हवे होते. पण उसवले की ती हसरी बाई जिंकली, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसला, आणि शर्ट तसेच राहिले.

मास्तर केंद्रात जायचं टाळायला लागले, तेव्हा बाईच घरी आल्या. पडदा सारून थेट आत. वहिनींनी चहा ठेवला, पण लक्ष सगळं त्या दोघांकडे होतं.

“माझ्यासमोर लावा बघू,” बाई म्हणाल्या.

मास्तरांनी प्रयत्न केला. जमलं नाही. बाईंनी शर्ट हातात घेतला, स्वतः एक बटण घालून पाहिलं. त्यांच्या धडधाकट बोटांनाही जोर लावावा लागला. त्यांनी काज उजेडाकडे धरलं.

“हे एवढं घट्ट कसं?”

मास्तरांनी मान पुढे करून पाहिलं. एकदाच पाहिलं. जन्मभर जिने केलेली काजं तपासून गिऱ्हाइकाला दिली, तिचा टाका त्यांना कळणार नाही असं होणारच नव्हतं. वहिनींनी चहा गाळायला घेतला.

“आमच्या घरची काजं घट्टच असतात,” मास्तर म्हणाले. “गिऱ्हाइकं त्यासाठीच तर येतात.”

बाई हसल्या, चहा प्यायल्या, पुढच्या आठवड्यात या म्हणाल्या आणि गेल्या.

“का गं?” मास्तरांनी विचारलं.

वहिनींनी खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून खरंच बाहेर आलं. “हात चालायला लागले की तुम्ही पडद्यापलीकडे जाल. मग मला पुन्हा ‘वाढ’ आणि ‘झोपतो’. आणि तिला कोट.”

“मी दुकान विकायला निघालो होतो, अगं.”

“माहितीये.”

“माहिती असून?”

वहिनींनी टाके उसवायची छोटी सुरी आणली आणि आकाशी शर्ट मांडीवर ओढला. मास्तरांनी हात पुढे केला.

“दे इकडे. हात लावू नकोस.”

तेच शब्द. या वेळी वहिनींना राग आला नाही, रडू आलं. मास्तर खिडकीपाशी बसले आणि थरथरत्या बोटांनी एकेक टाका उसवायला लागले. सुरी निसटायची, ते पुन्हा उचलायचे. संध्याकाळपर्यंत एकच शर्ट झाला. त्यातही दोन ठिकाणी कापड फाटलं, आणि ते वहिनींकडे शिवायला आलं नाही.

सकाळी वहिनी उगाच लवकर उठून स्वयंपाकघरात गेल्या. आज हाक यायची नव्हती. बाहेर मास्तरांची चाहूल लागत होती, पाणी, मग कपाट. वहिनी भांडी घासत राहिल्या, घासलेलीच परत घासत राहिल्या.

मग मास्तर आत आले. अंगात आकाशी शर्ट, बटणं उघडी. समोरच्या स्टुलावर बसले आणि वरच्या बटणाला हात घातला.

“तुला एक सांगायचं राहिलंच,” ते म्हणाले. “तो गादीखालचा शर्ट, दोन डाव्या बाह्यांचा. वडिलांना तो सापडला होता.”

“मग?”

“मग काय, सांगतो ना. दम धर.”

बटण काजात गेलं. वहिनींनी पाहिलं, चुकीच्या काजात गेलं होतं. एक घर खाली. वहिनींचा हात उचलला गेला होता. त्यांनी तो पदराखाली घातला आणि तोंडही मिटून घेतलं. दुसरं बटण चुकलं, तिसरं चुकलं. गोष्ट पुढे चालली होती. वडिलांनी तो शर्ट स्वतःच्या अंगात घातला होता आणि तसेच दुकानात बसले होते. चहा गार झाला. शेवटच्या बटणाला काजच उरलं नाही आणि वर एक काज रिकामं राहिलं.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, “अहो, एक घर चुकलंय. पहिल्यापासून.”

मास्तरांनी खाली पाहिलं. जन्मभर शर्ट शिवलेला हा माणूस जरासुद्धा दचकला नाही.

“चुकलं होय,” ते म्हणाले, आणि सगळी बटणं काढून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. “तर मी काय सांगत होतो?”