पाचवा सिंह

देश एवढा अफाट, की एका टोकाला बर्फ पडत असताना दुसऱ्या टोकाला माणसं उन्हाने होरपळत. बर्फाचे डोंगर, वाळवंट, समुद्र सगळं बघून झालं की प्रवासी शेवटी दरीकाठच्या या पुरातन दरवाजाशी येत. त्यावरचे पाच दगडी सिंह त्यांना दाखवायचं काम तीस वर्षं थोरल्याकडे होतं. छातीवर पुरातत्त्व खात्याचा पितळी बिल्ला. एका घराला एकच बिल्ला, असा नियम. त्यामुळे धाकटा भाऊ जन्मभर त्याच्या मागे पाण्याच्या बाटल्या विकत फिरला.

गेल्या वर्षी थोरल्याचे डोळे गेले. कळलं फक्त बायकोला, मुलीला आणि धाकट्याला. पण त्याचं काही अडलं नाही. पायऱ्या पाठ, सिंह पाठ, विनोद पाठ. काळा चष्मा लावून एकशे बारा पायऱ्या तो अशा चढे, की डोळसाने लाजावं. वर्षातून एकदा तपासनीस येई. तेवढा दिवस निभावला की बिल्ला वर्षभर आपला.

यंदा सासरी असलेल्या मुलीचं बाळ बघायला एकटाच जाऊन, आठ दिवस राहून तो तपासणीच्या आदल्या संध्याकाळी परतला. धाकट्याने त्याला बसवरून परस्पर घरी आणलं, 'दादा दमलाय' म्हणत शेजाऱ्यांनाही दारातूनच वाटेला लावलं. भाऊ असावा तर असा, थोरल्याला वाटलं. भोळा बिचारा!

"वर सगळं ठीक ना रे?"

"दगड ते, दादा. कुठे जाणार?"

सकाळी चाळीस प्रवासी जमले, मागे तपासनीस. थोरला रंगात आला. काठीने एकेक सिंह दाखवत पाचव्यापाशी पोहोचला.

"आणि हा पाचवा! जबडा बघा केवढा वासलाय. उशीर झाला की आमची बायको अशीच बघते."

तीस वर्षांत इथला हशा कधी चुकला नव्हता. आज कुणी हसलं नाही.

"पण तिथे सिंहच नाहीये," एक मुलगी म्हणाली.

"नीट डोळे उघडून बघ, बाळ."

आता मात्र सगळे खो खो हसले.

चार दिवसांपूर्वी भूकंपाच्या धक्क्याने पाचवा सिंह दरीत गेला होता. तपासनीस थोरल्यासमोर येऊन उभा राहिला. "किती सिंह दिसतात तुम्हाला?"

थोरल्याने भावाच्या दिशेने मान वळवली. एक शब्द पुरला असता. धाकटा साधा खोकलासुद्धा नाही.

"पाच, साहेब."

बिल्ला तिथेच निघाला आणि तिथेच धाकट्याच्या छातीवर लागला. घरचाच माणूस, कामाची माहिती असलेला. साहेबांना शोधाशोध करावी लागली नाही.

"इथे पाचवा सिंह होता," धाकट्याने खणखणीत सुरुवात केली. "उशीर झाला की आमची वहिनी बघते ना, तसा!"

हशा पिकला. थोरला तो ऐकत, पायऱ्या मोजत एकटाच खाली उतरला.

घरी बायको भाजी चिरत होती.

"सिंह पडल्याचं तुला ठाऊक होतं?"

विळी थांबली. "भावजी म्हणाले, बोलू नका."

"आणि तू ऐकलंस?"

"बिल्ला घरातच राहिला ना? मग झालं," ती म्हणाली आणि पुन्हा चिरायला लागली.