बाहेर पडताना

मुद्रितशोधकांनी संगणकावरची खिडकी माउसने पकडून पडद्याच्या कडेला ढकलली, तशी ती शहाण्यासारखी अर्ध्या जागेत बसली आणि दुसरी आपण होऊन उरलेल्या अर्ध्यात सरकली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

"हिला कोणी शिकवलं?"

"अजून शिकतेच आहे," लेक म्हणाली. "हे लिनक्स आहे, बाबा, विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं. ही चाचणीची आवृत्ती. डेस्कटॉप अगदी नवा केलाय. चुका सापडल्या तर कळवायच्या, म्हणून आधी वापरायला देतात. मधेच अडकलं तर चिडायचं नाही."

चुका सापडल्या तर. निवृत्तीनंतर इतकं गोड आमंत्रण त्यांना कोणी दिलं नव्हतं. औषधांच्या खोक्यांवरच्या चुका काढून काढून ते कंटाळले होते. त्यांनी बाह्या सरसावल्या.

आधी ते 'दुसऱ्या' या शब्दावर गेले. जुन्या संगणकावर त्यातला अर्धा र कधी धड उमटायचा नाही. इथे तो जिथल्या तिथे होता. ल पाकळीचा, श देठाचा, अस्सल मराठी वळणाचे. अक्षर मोठं करायची पट्टी सरकवली, तर मेनू, बटणं सगळंच मोठं झालं आणि कुठेही काही कापलं गेलं नाही. डोळ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांना पडद्याला नाक लावावं लागलं नाही.

"वा," ते म्हणाले.

पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या त्यांच्या बायकोने मान वर केली. हा शब्द त्या घरात जपून वापरला जाई.

मग पडदा एकदम काळा झाला. लेकीने जीभ चावली. पण लगेच मजकूर उमटला: 'गडबड झाली. तुमचं काम जपून ठेवलं आहे.' आणि खरोखरच सगळं होतं तसं परत आलं.

"माणसासारखं बोलतंय," ते खूश होऊन म्हणाले. "आणि हे बघ, सेटिंगला 'घडी बसवा'. कोणाला सुचलं असेल? ह्रस्व-दीर्घ एक चुकलेलं नाही. हे लिहिणाऱ्याचे लहानपणी कुणीतरी चांगले कान पिळलेले दिसतात."

लेक ओढणीच्या टोकाने पडद्याची कड पुसू लागली. ती स्वच्छच होती.

या घरात कान पिळले गेले होते ते थोरल्या मुलाचे. चांगली नोकरी सोडून तो लोकांना फुकट वाटायची असलीच सॉफ्टवेअर करायला निघाला, तेव्हा मुद्रितशोधक म्हणाले होते, "भाज लष्कराच्या भाकऱ्या." खांद्याला बॅग लावून तो दारात थांबला आणि म्हणाला, "जातो." निघताना 'येतो' म्हणायचं, हे त्यानेच धाकटीला शिकवलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द सुधारणाऱ्या माणसाने तो एक तसाच जाऊ दिला. तेव्हापासून थोरल्याचा फोन आईला येई, आणि तो आला की हे गॅलरीत जात.

"झालं आजच्यापुरतं," ते म्हणाले. "बंद कसं करायचं?"

"वरच्या कोपऱ्यात. बाहेर पडायचं बटण आहे."

त्यांनी बाण कोपऱ्यात नेला. बटणावर एकच शब्द होता: 'येतो'.

माउसवरचा हात तिथेच राहिला. मग त्यांनी चष्मा नीट केला.

"बटणावर पुल्लिंगी क्रियापद कसं चालेल? बायकांनी काय करायचं?"

"'येते' म्हणायचं," बायको पलंगावरून म्हणाली. एकाच सदऱ्याची ती पुन्हा घडी घालत होती. "तुम्हाला काय सांगायचंय ते सांगा."

"कळवायचं का, बाबा?" लेकीने विचारलं. "'चूक कळवा' म्हणून चौकट आहे. ते थेट त्यालाच जातं."

त्यांनी कळफलक जवळ ओढला. एका बोटाने, एकेक अक्षर तपासत त्यांनी लिहिलं:

'बाहेर पडतानाचा शब्द योग्य आहे. बदलू नये. मात्र कधी, ते लिहायचं राहून गेलं आहे.'

लिहिलेलं दोनदा वाचलं. मग त्यांनी 'पाठवा' दाबलं आणि संगणक बंद न करता त्याच्यासमोर बसून राहिले.