चपटा गोल

डॉक्टर वृषालींचा फोन आला तेव्हा अनिसा डबा उघडत होती. डिंगोरे गावच्या गेणभाऊंचा पाय सुधारत नव्हता. विळा लागून पिकलेली जखम, त्यात साखरेचा आजार. तीन दिवस क्लिंडामायसिन चालू असूनही सूज घोट्याच्या वर चढली होती. उद्या दुपारपर्यंत फरक पडला नाही तर पाय कापावा लागेल, पुण्याला पाठवते, असं त्या म्हणाल्या. साखरेपुढे औषध तरी काय करणार, असंही म्हणाल्या.

ते औषध अनिसाच्याच रिपोर्टवरून निवडलं होतं. जुन्नरच्या त्या लहानशा लॅबमध्ये बारा वर्षं ती हेच करत आली होती. प्लेटवर जखमेतले जंतू पसरायचे, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि सकाळी बघायचं. ज्या चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल राहतो, ते औषध लागू. क्लिंडामायसिनचा गोल चांगला रुंद आला होता. इरिथ्रोमायसिनच्या चकतीला मात्र जंतू थेट भिडले होते.

तिने फ्रीजमधून ती प्लेट काढून उजेडात धरली. दोन्ही चकत्या दोन टोकांना होत्या. इरिथ्रोमायसिनला दाद न देणारा जंतू कधी कधी लबाड निघतो. प्लेटवर क्लिंडामायसिनपुढे मरायचं सोंग करतो आणि रोग्याच्या अंगात डोकं वर काढतो. त्याला पकडायचं तर या दोन चकत्या शेजारी ठेवाव्या लागतात, मग क्लिंडामायसिनचा गोल इरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटा होतो आणि सोंग उघडं पडतं. हे ती शिकाऊ मुलींना घसा कोरडा करून सांगायची. पण त्या दिवशी नमुन्यांची रांग लागली होती, आणि अनुभवी माणसाला स्वतःच्या हाताची भलतीच खात्री असते.

तिने लगेच नवी प्लेट लावली. निकाल मात्र सकाळशिवाय मिळणार नव्हता. लॅबचे मालक दस्तगीरचाचा भले माणूस, पण तिचं ऐकून त्यांचाही चेहरा उतरला. नुसत्या शंकेवर लॅबचं नाव घालवू नकोस, सकाळपर्यंत थांब, म्हणाले.

"चाचा, पाय थांबणार नाही," अनिसा म्हणाली.

तिने डॉक्टरांना फोन लावला. लाज वाटत होती, तरी आपण चाचणी अर्धवट केल्याचं तिने सांगून टाकलं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, कुठलं औषध नक्की चालेल? तिने सांगितलं आणि त्यांनी फोन ठेवला.

सकाळी गोल एका बाजूने चपटा होता, भाकरीची कड दाबली जावी तसा. चूक शाबीत झाली होती, पण फोन वेळेवर गेला होता; ती हसली.

दुपारी ती दवाखान्यात गेली. रात्रीच सुरू केलेल्या नव्या औषधाने सूज तिथेच थांबली होती, पुण्याची गाडी रद्द झाली होती. गेणभाऊंना तिने सगळं तोंडावर सांगितलं. ते छताकडे बघत ऐकत राहिले.

"आन् तू बोलली नसती, तर कुनाला कळलं असतं का?"

"नाही, बाबा."

"म्हंजी पाय गेला असता, आन् म्या जलमभर साखरेलाच शिव्या दिल्या असत्या."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. अनिसा लॅबवर परतली आणि तीच चूक आणखी कुणाच्या बाबतीत झाली का ते बघायला महिन्याभरातले जुने रिपोर्ट काढून बसली.